मोठ्या द्विनेत्रीसाठी माउंट निवडताना

१०० मिलीमीटर व्यासाची वस्तुभिंगे (पुढची मोठी भिंगे), ५५० मिलीमीटर नाभीय अंतर, ९० अंशांत वळलेल्या नेत्रिका (डोळा लावायची भिंगे) आणि सुमारे सात किलो वजन, अशी द्विनेत्री घरात आली तेव्हा पावसाळा संपत आला होता. ती कोणत्या माउंटवर, म्हणजे दुर्बीण धरून फिरवणाऱ्या आधारावर, बसवायची हा प्रश्न मात्र पुढचा सगळा निरीक्षणाचा हंगाम पुरला. गळ्यात अडकवून पाहायची १०×५० ची (दहा पट विवर्धन, पन्नास मिलीमीटरची भिंगे) द्विनेत्री आणि ही द्विनेत्री यांच्यात नावापलीकडे फारसे साम्य नाही. हिला दोन डोळ्यांनी पाहायची दुर्बीण म्हणणेच योग्य. तरीही एका डोळ्याच्या दुर्बिणीसाठी बाजारात तयार मिळणारे बहुतेक माउंट हिच्या कामाचे नसतात आणि ते का नसतात हे समजून घेतल्याशिवाय केलेली निवड शेवटी जाहिरातीतल्या वजनक्षमतेच्या आकड्यावर विसंबते. तो आकडा माउंट मोडणार नाही एवढेच सांगतो. तारा स्थिर दिसेल की नाही, याविषयी तो काहीच सांगत नाही.

पहिली चाळणी सोपी होती. ध्रुवाच्या दिशेने रोखलेल्या अक्षाभोवती फिरणारा विषुववृत्तीय माउंट माझ्याकडे आधीपासून होता, परंतु द्विनेत्रीसाठी तो निरुपयोगी ठरतो. एका डोळ्याने पाहताना नळी थोडी स्वतःभोवती वळली, तर नेत्रिका हवी तशी फिरवून घेता येते. द्विनेत्रीत मात्र दोन नेत्रिकांना जोडणारी रेषा क्षितिजाला समांतर राहावी लागते, कारण आपले डोळेही तसेच आहेत. विषुववृत्तीय माउंटवर तारा पूर्वेकडून पश्चिमेकडे सरकत जाईल तशी ही रेषा कलत जाते आणि निरीक्षकाला मान वाकडी करून पाहावे लागते. म्हणून माउंट उन्नतांश (क्षितिजापासूनची उंची) आणि दिगंश (क्षितिजाला समांतर दिशा) या दोनच दिशांनी फिरणारा हवा, हे लगेच ठरले.

मोटर नको, हेही त्याच बैठकीत ठरले आणि त्यामागे केवळ काटकसर नव्हती. २४ मिलीमीटरच्या नेत्रिका लावल्यावर या द्विनेत्रीचे विवर्धन सुमारे २३ पट होते आणि दृष्टिक्षेत्र २.८ अंशांचे मिळते. खगोलीय विषुववृत्तावरचा तारा चार मिनिटांत एक अंश सरकतो. म्हणजे एका कडेला आलेला तारा दुसऱ्या कडेला पोहोचायला अकरा मिनिटे लागतात. ७ मिलीमीटरच्या नेत्रिकांनी विवर्धन ७८ पटींवर जाते, तेव्हाही क्षेत्र अंशभर असते आणि चार मिनिटे हाताशी असतात. तेवढ्या वेळात एकदा बोटाने ढकलून घेणे काही कष्टाचे नाही. मात्र ते ढकलणे अलगद व्हायला हवे, बोट काढल्यावर द्विनेत्री जिथल्या तिथे थांबायला हवी आणि थांबल्यावर तिने थरथरू नये. हाताने चालवायच्या माउंटकडून असलेल्या सगळ्या अपेक्षा या तीन गोष्टींत येतात.

थरथरीचे गणित कठोर आहे. ट्रायपॉडच्या डोक्यापाशी एका कलेची, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाची हालचाल झाली, तर डोळ्याला ती तेवीस कलांची दिसते आणि चंद्राच्या बिंबाच्या पाऊणपट मापाने ताऱ्याने उडी मारल्यासारखे वाटते. ७८ पटींवर तीच हालचाल अडीच चंद्रबिंबांएवढी होते. द्विनेत्रीचा सगळा लाभ दोन्ही डोळ्यांनी शांतपणे, बराच वेळ पाहत राहण्यात आहे. मेंदूला दोन प्रतिमा एकत्र करायला जी स्थिरता लागते ती नसेल, तर १०० मिलीमीटरची दोन भिंगे असून नसल्यासारखीच.

सुरुवातीला मी लग्नाचे चित्रीकरण करणाऱ्या एका मित्राचा व्हिडिओ ट्रायपॉड आणि त्यावरचे, कॅमेरा मुलायमपणे फिरवणारे तेलयुक्त फ्लुइड हेड वापरून पाहिले. वजनक्षमता बारा किलो असल्याने सात किलोची द्विनेत्री त्याला जड नव्हती. क्षितिजापासून तीस-पस्तीस अंशांपर्यंत तिची हालचाल इतकी मुलायम होती की दुसरे काही शोधायचे कारणच दिसेना. नरतुरंगातला ओमेगा सेंटॉरी हा गोलाकार तारकागुच्छ पुण्याहून जास्तीत जास्त २४ अंश उंचीवर येतो, आणि वृश्चिकाच्या नांगीजवळचा, मेसिएच्या यादीतला एम-७ हा तारकागुच्छ सुमारे ३७ अंशांवर. दक्षिणेकडच्या अशा गोष्टींसाठी फ्लुइड हेड अगदी योग्य आहे. द्विनेत्री वर वळवू लागलो की मात्र ती मागे कोसळू पाहत असे. हेडची मूठ आवळावी, तर हालचाल धक्क्याधक्क्याने होई. सैल सोडावी, तर नेत्रिका थेट छातीकडे येत.

याचे कारण साध्या यंत्रशास्त्रात आहे. फ्लुइड हेडचा उन्नतांशाचा अक्ष द्विनेत्रीच्या खाली असतो आणि द्विनेत्रीचा गुरुत्वमध्य त्याच्या वर, माझ्या बाबतीत सुमारे बारा सेंटीमीटर. द्विनेत्री आडवी असताना तो बरोबर अक्षावर तोललेला असतो, परंतु ती वर वळली की मागे सरकतो आणि अक्षाभोवती फिरवणारे बल तयार होते. सात किलोचे वजन म्हणजे साधारण सत्तर न्यूटन. तीस अंशांवर हे आघूर्ण ४.२ न्यूटन-मीटर होते, साठ अंशांवर ७.३ आणि जवळजवळ सरळ वर पाहताना ८.४. हेडमधली तोलाची स्प्रिंग यातला काही भाग उचलते, पण ती ठरावीक वजनाच्या आणि ठरावीक उंचीच्या कॅमेऱ्यासाठी बसवलेली असते. द्विनेत्री पट्टीवर पुढे सरकवून साठ अंशांवर तोल साधला, तर वीस अंशांवर ती नाकावर पडते. सगळ्या उंचीवर एकाच वेळी तोल साधायचा, तर अक्ष गुरुत्वमध्यातूनच जायला हवा. त्याला दुसरा उपाय नाही.

इथे आपल्या अक्षांशाचा विचार करावा लागला, आणि माझ्या मते महाराष्ट्रातल्या निरीक्षकाने माउंट निवडताना सर्वांत आधी तोच करावा. पुण्याचा अक्षांश साडेअठरा अंश उत्तर. ज्या ताऱ्याची क्रांती, म्हणजे खगोलीय विषुववृत्तापासूनचे उत्तरेकडचे कोनीय अंतर, तेवढीच असते, तो आपल्या अगदी डोक्यावरून, खमध्यातून जातो. कर्क राशीतला, पुष्य नक्षत्रातला एम-४४ हा गुच्छ खमध्यापासून जेमतेम एक अंशावरून जातो. रोहिणी दोन अंशांवरून, कृत्तिका साडेपाच-सहा अंशांवरून, मिथुनेतला एम-३५ तेवढ्याच अंतरावरून, आणि अरुंधती केशातला विखुरलेला मोठा गुच्छ सात-आठ अंशांवरून. हे सगळे मोठ्या क्षेत्राच्या द्विनेत्रीचे खास विषय आहेत. लहान क्षेत्राच्या दुर्बिणीत कृत्तिका मावतही नाहीत. देवयानी दीर्घिका आणि मृगातला तेजोमेघ हेही सहासष्ट-सदुसष्ट अंशांपर्यंत चढतात. जर्मनीतल्या पन्नास अंश अक्षांशावरून पाहणाऱ्याला एम-४४ कधीच साठ अंशांच्या वर मिळत नाही. तिकडच्या निरीक्षकाने एखाद्या माउंटला ‘साठ अंशांपर्यंत उत्तम’ म्हटले, तर त्याच्या दृष्टीने ते जवळजवळ संपूर्ण प्रशस्तिपत्र असते. आपल्याकडे मात्र त्याच माउंटवर हिवाळ्यातले उत्तमोत्तम आकाश हातचे जाते.

खमध्याजवळची दुसरी अडचण उन्नतांशाची नसून दिगंशाची आहे. मृगातला तेजोमेघ याम्योत्तर वृत्त (डोक्यावरून जाणारी उत्तर-दक्षिण रेषा) ओलांडत असताना त्याला मध्यभागी ठेवण्यासाठी माउंट दिगंशात मिनिटाला अर्ध्या अंशाहून थोडा अधिक फिरवावा लागतो. एम-४४ साठी, तो डोक्यावर असण्याच्या त्या थोड्या वेळात, हाच वेग मिनिटाला बारा अंशांपर्यंत जातो. क्षेत्र मोठे असल्याने सतत फिरवत बसावे लागत नाही हे खरे, परंतु फिरवायची वेळ येते तेव्हा धरायला काही सापडत नाही, कारण सरळ वर रोखलेली नळी कितीही ढकलली तरी दिगंशात वळत नाही. त्यामुळे ढकलण्याचा दांडा नळीला न लावता माउंटच्या फिरत्या तळाला लावायला हवा, आणि दिगंशातले घर्षण उन्नतांशापेक्षा हलके हवे, अशा आणखी दोन अटी माझ्या यादीत आल्या.

समांतरभुज चौकोनाच्या रचनेचा माउंट हा द्विनेत्रीवाल्यांचा जुना आवडता प्रकार आहे. द्विनेत्री वरखाली केली तरी तिची दिशा बदलत नाही, त्यामुळे वडिलांनी पाहिलेला तारा लहान मुलीला तसाच दाखवता येतो. सरळ नेत्रिकांच्या द्विनेत्रीसाठी, विशेषतः आरामखुर्चीत पडून पाहायचे असेल तर, मी आजही तोच सुचवीन. सात किलोच्या द्विनेत्रीचे ओझे मात्र त्याला झेपत नाही. ७५ सेंटीमीटरच्या भुजेच्या टोकाला सात किलो तोलायचे, तर मागच्या ३० सेंटीमीटरच्या टोकाला साडेसतरा किलोचे प्रतिवजन लागते. भुजा, सांधे आणि ट्रायपॉड धरून सगळा पसारा पस्तीस किलोंच्या घरात जातो. शिवाय इतक्या लांब भुजांचे कंपन लवकर विरत नाही. नेत्रिका ९० अंशांत वळलेल्या असल्याने वर पाहताना मान दुखण्याचा प्रश्न माझ्याकडे मुळातच नव्हता.

एका बाजूने धरणारे, एकाच हाताचे माउंटही पाहिले. त्यांचा अक्ष गुरुत्वमध्याच्या उंचीवर आणता येतो, पण द्विनेत्रीची रुंदी चोवीस सेंटीमीटर असल्याने तिचा भार दिगंशाच्या अक्षापासून वीतभर बाजूला पडतो आणि दुसऱ्या बाजूला प्रतिवजन लावावेच लागते. मजबूत माउंट असेल, तर हे चालते. मला मात्र दोन्ही बाजूंनी धरणाऱ्या फोर्कमध्ये जे सरळपण दिसले, ते यात दिसले नाही.

फोर्क हा मोठ्या द्विनेत्रींचा परंपरेने चालत आलेला माउंट आहे. जपानच्या युजी हयाकुताके यांनी जानेवारी १९९६ च्या अखेरीस ज्या द्विनेत्रीने आपला सुप्रसिद्ध धूमकेतू शोधला, ती २५×१५० ची होती. त्या वर्गाच्या द्विनेत्री अठरा-एकोणीस किलोंच्या असतात आणि फोर्कवरच बसतात. दोन उभे हात, त्यांच्या मधोमध द्विनेत्री आणि तिच्या गुरुत्वमध्यातून जाणारा आडवा अक्ष एवढ्या रचनेत माझ्या बहुतेक अटी पूर्ण होत होत्या. परदेशी बनावटीचा, अॅल्युमिनियमचा तयार फोर्क आणि त्याला साजेसा राखवृक्षाच्या लाकडाचा ट्रायपॉड मागवायचा, तर वाहतूक आणि सीमाशुल्क धरून होणारा खर्च द्विनेत्रीच्या किमतीला फार मागे सोडत नव्हता. म्हणून प्रथम प्लायवुडचा नमुना करून मापे पक्की करावीत आणि नंतर भोसरीतल्या एखाद्या वर्कशॉपमधून तोच अॅल्युमिनियममध्ये करून घ्यावा, असे ठरवले.

प्लायवुड आणि टेफ्लॉन यांच्या जोडीला हौशी खगोलनिरीक्षणात मानाचे स्थान मिळाले, ते जॉन डॉब्सन यांच्यामुळे. १९४४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या वेदान्त मठात दाखल झालेल्या आणि १९६७ पर्यंत संन्याशी म्हणून राहिलेल्या या माणसाने भंगारातल्या सामानातून मोठ्या दुर्बिणी उभ्या केल्या आणि त्या रस्त्यावर आणून येणाऱ्या-जाणाऱ्यांना आकाश दाखवले. त्यांच्या माउंटचे मर्म घर्षणात आहे. बहुतेक पदार्थांच्या जोडीत स्थिर वस्तू हलवायला जितके बल लागते, त्यापेक्षा ती हलती ठेवायला बरेच कमी लागते. त्यामुळे ढकलताना आधी काहीच होत नाही आणि मग एकदम झटका बसतो. टेफ्लॉन आणि खडबडीत पृष्ठभागाचा सनमायका यांच्यात हा फरक फार थोडा असतो. तसेच चकती जितकी मोठी, तितका कडेवरचा तोच झटका कोनाच्या हिशेबाने लहान होतो. ज्यांना लहान, चकचकीत, बेअरिंगवर फिरणारा अक्ष म्हणजे उच्च दर्जा वाटतो, त्यांनी हे अवश्य ध्यानात घ्यावे. बेअरिंग फिरते छान, पण थांबत नाही; मग त्याला ब्रेक लावावा लागतो आणि झटका परत येतो.

भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून १८ मिलीमीटरचे मरीन प्लाय आणले आणि दोन थर एकमेकांना चिकटवून ३६ मिलीमीटर जाडीचे फोर्कचे हात केले. हातांची उंची ठरवताना ओढाताण होते. द्विनेत्री सरळ वर रोखली की तिचे मागचे टोक अक्षाच्या वीस-बावीस सेंटीमीटर खाली येते आणि ते तळाला लागता कामा नये. पण हात जितके उंच तितके ते अधिक लवचीक. सव्वीस सेंटीमीटरवर मी थांबलो. द्विनेत्रीला बाजूंनी खुंट्या नसतात, तळाला फक्त एक पट्टी असते. त्यामुळे दोन हातांमध्ये झुलणारा एक पाळणा केला, त्याच्या दोन्ही बाजूंना सोळा सेंटीमीटर व्यासाच्या, कडेला सनमायका लावलेल्या चकत्या बसवल्या आणि त्या हातांच्या माथ्यावरच्या व्ही आकाराच्या खाचेत टेफ्लॉनच्या तुकड्यांवर टेकवल्या. टेफ्लॉनची जाड शीट रबर आणि गॅसकेट विकणाऱ्या दुकानात कापून मिळते. त्यासाठी खास खगोलसाहित्य शोधत बसण्याची गरज नाही.

गुरुत्वमध्य अक्षावर आणण्याचे काम सर्वांत मनोरंजक होते. पुढे-मागे कुठे आहे, हे एका गोल नळावर द्विनेत्री आडवी ठेवून समजते. उंचीला तो कुठे आहे, हे मात्र पाळण्यात बसवल्यावरच कळते. द्विनेत्री साठ अंशांवर नेऊन सोडली आणि ती आणखी वर जाऊ लागली, तर गुरुत्वमध्य अक्षाच्या वर आहे; ती परत आडवी होऊ पाहत असेल, तर खाली आहे. पाळण्याचा तळ मुद्दाम थोडा खोल ठेवून, द्विनेत्रीच्या पट्टीखाली तीन-तीन मिलीमीटरच्या प्लायच्या चिपा घालत-काढत गेलो आणि शेवटी अशी स्थिती आली की पाच अंशांवर सोडा की पंच्याऐंशीवर, ती सोडलेल्या जागी राहू लागली. नेत्रिका लावूनच हे करायचे असते, हे सांगायला नको. शिवाय डोळा लावणाऱ्याचे डोके नकळत नेत्रिकांवर टेकते, त्याचा भारही थोडे घर्षण ठेवून सामावून घ्यावा लागतो.

नेत्रिका बदलल्या की तोल बदलतो. २४ मिलीमीटरची जोडी काढून जड जोडी घातली आणि त्यांत अर्ध्या किलोचा फरक असेल, तर अक्षापासून पाव मीटरवर तो सव्वा न्यूटन-मीटर एवढे आघूर्ण देतो. फ्लुइड हेडवरच्या आठ न्यूटन-मीटरच्या मानाने हे थोडे असले, तरी मोकळ्या फिरणाऱ्या अक्षाला ते जाणवते. नळ्या अॅल्युमिनियमच्या असल्याने त्यांना लोहचुंबक चिकटत नाही. म्हणून पाळण्याच्या पुढच्या भागात खालून एक लोखंडी पट्टी ठोकली आणि जुन्या स्पीकरमधले चुंबक तिच्यावर पुढे-मागे सरकवायचे ठरवले. दिसायला ही व्यवस्था अगदीच गावठी आहे, पण अंधारात हातमोजे घालूनही करता येते.

दिगंशासाठी ३५ सेंटीमीटर व्यासाचा गोल तळ, त्याला खालून सनमायका आणि त्याखाली तीन टेफ्लॉनचे तुकडे. हे तुकडे कडेला लावले, तर हालचाल जड आणि नेमकी होते. मध्याकडे सरकवले, तर हलकी होते. खमध्याजवळच्या कामासाठी मी ते त्रिज्येच्या दोन-तृतीयांशावर आणले. तळातून मागे येणारा ४० सेंटीमीटरचा लाकडी दांडा बसवल्यावर डोक्यावरच्या एम-४४ ला दिगंशात फिरवणे एका बोटाचे काम झाले.

ट्रायपॉडचा विचार मी बराच लांबवला होता, कारण तो सोपा वाटत होता; तसा तो निघाला नाही. मधला खांब वर सरकवून उंची वाढवण्याची सोय असलेले ट्रायपॉड मी प्रथमच बाजूला काढले. एका टोकाला घट्ट धरलेल्या दांड्याच्या दुसऱ्या टोकाचे वाकणे लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. पंधरा सेंटीमीटर बाहेर असलेला खांब तीस सेंटीमीटर केला, तर तो तेवढ्याच बलाने आठपट वाकतो. मित्राच्या व्हिडिओ ट्रायपॉडवर खांब वर काढून नळीला टिचकी मारली, तर ७८ पटींवर तारा तीन-चार सेकंद नाचत राहत असे. धातूच्या नळ्या हलक्या असतात, कडक असतात, पण कंपन गिळून टाकण्याचा गुण त्यांच्यात कमी असतो. लाकूड ते काम अधिक चांगले करते. त्यासाठी परदेशी लाकडाचीच गरज आहे, असे मात्र नाही. आपल्याकडे जमीनमोजणीच्या कामासाठी थिओडोलाइट आणि टोटल स्टेशनचे लाकडी ट्रायपॉड पिढ्यान्‌पिढ्या वापरात आहेत, आणि मोजणीची साधने बनवणाऱ्या रुरकी गावातून ते देशभर जातात. त्यांना मधला खांब नसतो, माथा सपाट आणि रुंद असतो, पायांना लोखंडी टोके आणि ती जमिनीत दाबायला पावठ्या असतात. सहा-सात किलोचा असा एक जुना ट्रायपॉड मला चांगल्या स्थितीत मिळाला.

त्याचा मधला बोल्ट ५/८ इंची, इंचाला अकरा आट्यांचा असतो. कॅमेऱ्याच्या हेडला लागणाऱ्या ३/८ किंवा १/४ इंची बोल्टपेक्षा हा कितीतरी जाड असल्याने तळ पिळला जात नाही. फोर्कच्या तळाखाली या मापाचे आटे पाडलेली पोलादी चकती हवी होती. भोसरीतल्या टर्नरने बोल्ट हातात घेऊन पाहिला आणि म्हणाला, “साहेब, हा मोजणीवाल्यांचा. ५/८ ला व्हिटवर्थ घ्या नाहीतर अमेरिकन घ्या, आटे अकराच. कोन जरा वेगळा असतो, पण माझ्याकडचा टॅप चालेल. अर्धा इंची असता, तर नसता चालला.” त्याचे म्हणणे तंतोतंत बरोबर आहे. व्हिटवर्थ या ब्रिटिश पद्धतीच्या आट्यांचा कोन ५५ अंशांचा आणि अमेरिकी आट्यांचा ६० अंशांचा, पण १/४, ३/८ आणि ५/८ या तिन्ही मापांत इंचामागे आट्यांची संख्या तीच. अर्ध्या इंचात मात्र एकीकडे बारा आणि दुसरीकडे तेरा. एकदा घट्ट करून कायमच्या ठेवायच्या बोल्टला कोनातला हा फरक बाधत नाही. ज्यांना परदेशी साहित्याला इथले बोल्ट लावायचे असतात, त्यांच्यासाठी ही माहिती फार उपयोगाची आहे.

उंचीचा हिशेब बसून पाहण्याच्या दृष्टीने केला. आडवी असताना नेत्रिका अक्षाच्या सुमारे बावीस सेंटीमीटर वर असतात आणि सरळ वर पाहताना वीस सेंटीमीटर खाली येतात. म्हणजे डोळ्याची जागा चाळीस-एक सेंटीमीटर बदलते. हा फरक खांब वरखाली करून भरून काढण्यापेक्षा बसणाऱ्याने वरखाली व्हावे, हे उत्तम. अक्ष जमिनीपासून १३० सेंटीमीटरवर आला की ट्रायपॉडचे पाय जवळजवळ न वाढवताच काम होते आणि न वाढवलेला पाय सर्वांत कडक असतो. बसण्यासाठी उरलेल्या प्लायचे, खाचांमध्ये फळी अडकवून उंची बदलता येणारे स्टूल केले. खमध्याकडे पाहताना त्यावर पाठ ताठ ठेवून, समोर वाचायला बसल्यासारखे पाहता येते, आणि ९० अंशांच्या नेत्रिकांचे खरे मोल तेव्हाच कळते. ज्यांची द्विनेत्री ४५ अंशांची आहे, त्यांना याच ठिकाणी मान मागे टाकावी लागते; त्यांनी माउंट उंच घेण्याचा विचार करावा.

वेल्हे-भोरच्या बाजूला, जिथे आम्ही पाहायला जातो, तिथली जमीन एकसारखी नाही. काही ठिकाणी कातळ उघडा पडलेला असतो आणि त्यावर लोखंडी टोके घसरतात. तिथे मी टोकांखाली जाड रबराचे तुकडे ठेवतो. शेताच्या मऊ मातीत मात्र टोके पावठीने दाबून रोवली की ट्रायपॉड जणू जमिनीचाच होतो. २३ पटींवर टिचकीचे कंपन साधारण सेकंदभरात विरते आणि ७८ पटींवर त्याहून किंचित जास्त वेळ घेते. फेब्रुवारी-मार्चमध्ये संध्याकाळी घाटाकडून येणारा वारा मात्र कोणत्याही माउंटला जुमानत नाही. दोन नळ्या आणि दवरोधक टोप्या मिळून वाऱ्यासमोर चांगलेच मोठे शीड उभे राहते. अशा वेळी गाडीच्या आडोशाला बसणे किंवा विवर्धन कमी ठेवणे एवढेच हाती असते.

अॅल्युमिनियमचा फोर्क मी अजून करून घेतलेला नाही आणि घेईन असे वाटत नाही. प्लायच्या फोर्कने टिचकीच्या कसोटीत जे दाखवले, त्यापुढे धातूने वाहून नेताना थोडी सुटसुटीत घडी देण्यापलीकडे काही दिले नसते. पावसाळ्यात प्लाय ओल धरते, म्हणून कडांना मरीन वॉर्निशचे दोन हात दिले आहेत आणि टेफ्लॉनचे तुकडे हंगामाच्या सुरुवातीला कोरड्या फडक्याने पुसून घेतो. सनमायकाला मेण किंवा तेल लावू नये. हालचाल हलकी होते खरी, पण नेमकेपणा जातो.

आमच्या गटातील एक जण आता १२० मिलीमीटरची, दहा किलोंच्या आसपासची द्विनेत्री घेण्याच्या विचारात आहेत आणि हीच मापे वाढवून फोर्क करता येईल का, असे त्यांनी विचारले आहे. फोर्क करता येईल. हात ३० सेंटीमीटरचे, चकत्या वीस सेंटीमीटरच्या आणि दिगंशाचा तळ ४५ सेंटीमीटरचा घ्यावा लागेल. ट्रायपॉडसाठी मात्र मी त्यांना गच्चीवर किंवा शेतात सिमेंटच्या पायात रोवलेला लोखंडी नळाचा खांब सुचवला आहे, आणि फिरतीवर न्यायचेच असेल, तर मोजणीच्या ट्रायपॉडच्या तिन्ही पायांना मध्यावर बांधणारी त्रिकोणी फळी.